खिडकीतली बटणं

आमच्या सासूबाईंना पोहता येत नाही. बोटीत त्या आयुष्यात एकदाही बसलेल्या नाहीत आणि बसायची इच्छाही नाही. बादली काठोकाठ भरलेली दिसली तरी त्या नळ बंद करायला धावतात. हे मुद्दाम आधी सांगते, कारण धक्क्यावरचे लोक त्यांच्याबद्दल जे काही सांगत सुटलेत त्यातलं निम्मं खोटं आहे. कोणी म्हणतं, त्यांचा नवरा बुडाला. कोणी म्हणतं, मुलगा बुडाला. मुलगा बुडालेला नाही, तो माझा नवरा आहे आणि बर्फाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला की भर दुपारी घोरत पडतो. सासरे पोस्टात होते आणि साखरेच्या आजाराने आपल्या पलंगावरच गेले. घरातलं कोणी बुडाल्याशिवाय बाईला दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाटूच शकत नाही की काय? मला या असल्या गोष्टींचा फार राग येतो. सासूबाईंनाही येतो, पण त्यांना सगळ्याचाच येतो.

आमचं दोघींचं पटत नाही, हेही सांगून टाकते. मी बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून माझा आवाज फुटका झालाय, आणि घरी आल्यावरही तो खाली येत नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं, "घर आहे हे, तुझी बस नाही." माझ्या युनिफॉर्मचं बटण मी शिवलं की त्या माझ्यासमोर ते उसवून पुन्हा शिवतात. बोलत काही नाहीत, दोरा दातांनी तोडतात आणि शर्ट माझ्या अंगावर टाकतात. तेव्हा मी त्यांचं कौतुक सांगायला बसलेय असं समजू नका. मी चिडलेय म्हणून सांगतेय.

आमचं घर धक्क्यासमोर, एका जुन्या गोदामाच्या वरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीला पाण्याच्या बाजूने मोठी खिडकी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन त्या खिडकीशी आहे, कारण उजेड तिथेच. पँटी आखूड करणं, पडदे, शाळेचे गणवेश, उसवलेलं सगळं काही. काळा दोरा सुईत ओवायचा तर त्या मान वर करून खिडकीकडे बघतात, म्हणजे दिवसातून कितीदा तरी त्यांची नजर धक्क्यावर जाते. बघायचं म्हणून त्या कधी बघत नव्हत्या.

मग धक्क्यावर हौशी लोक आले. पूर्वी तिथे मासेमारीच्या होड्या असायच्या, त्या पलीकडे गेल्या आणि इथे पांढऱ्या, चकचकीत मोटरबोटी येऊन लागल्या. कोणी कंत्राटदार, कोणी वकील, आणि एक दातांचा डॉक्टर. त्याला आमच्या घरात कवळी म्हणतात. माणूस तसा वाईट नाही. हसतमुख, गोरागोमटा, पायात पांढरे बूट. पांढरी बोट घेतली, तिला निळा पट्टा मारून घेतला, सीटची कव्हरं सासूबाईंकडूनच शिवून घेतली, राखाडी कापडाला पांढरा गोट लावून. ती कव्हरं न्यायला आला त्या दिवशी खाली उतरून बोट सोडताना त्याने वर बघून हाक मारली, "काकू, सहापर्यंत येतो! नाही आलो तर शोधायला या!"

त्याच्या बरोबरचे सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बटणांचा डबा उघडला, त्यातून कड उडालेलं एक पांढरं बटण काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाल्या, "तो सांगून गेलाय." संध्याकाळी बोट आली, बटण डब्यात गेलं. कवळीला यातलं काही माहीतही नव्हतं.

पण हाक मारायची सवय लागली. त्याचं बघून वकील ओरडू लागला, त्याचं बघून कंत्राटदार. वर्षभरात असं झालं की बोट सोडताना खिडकीकडे बघून ओरडल्याशिवाय कोणाची बोटच हलेना. "काकू, चारला येतो!" "काकू, जेवून येतो!" प्रत्येक बोटीला एक बटण. कंत्राटदाराचं मोठं काळं, कोटाचं. वकिलाचं पितळी. सुट्टीच्या दिवशी कट्ट्यावर बटणांची रांग लागायची आणि आम्हाला तिथे कपबशीसुद्धा ठेवायची सोय नसायची. बिनपगारी पहारेकरी मिळाली होती त्यांना, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

बचाव बोटीवरचा मुख्य माणूस आमच्याकडे पँटी शिवून घ्यायला यायचा. बाजारातली कुठलीही पँट त्याला घोट्याच्या वरच राहायची, म्हणून लंबू. त्याने एकदा ती बटणं बघितली आणि खाली बसला. "काकू, हे फार चांगलं करताय. पण नुसतं कधी येणार एवढंच विचारून भागत नाही. समजा नाही आला, तर मी शोधू कुठे? समुद्र काय तुमच्या खिडकीएवढा आहे?" मग त्याने त्यांना प्रश्न शिकवले. कुठे चाललात, किती जण आहात, कधी येणार, तरंगायची जाकिटं अंगात आहेत का. आणि न आले तर काय करायचं तेही सांगितलं: आधी फोन लावायचा, मग पेट्रोलपंपाजवळच्या दुसऱ्या धक्क्यावर बघायचं, घरी विचारायचं, आणि तरी पत्ता नसेल तर थांबायचं नाही. "उजेड असताना सांगितलंत तर मला दिसेल. 'अजून थोडं बघू' म्हणत बसलात तर अंधार झालेला असतो."

त्या दिवसापासून खिडकीतून उलटतपासणी सुरू झाली. "कुठे? किती जण? जाकीट कुठाय? अंगात घाला की! खाली ठेवून काय पूजा करायचीय त्याची?" लोक हसायचे, पण घालायचे. निदान खिडकी दिसेनाशी होईपर्यंत तरी.

आता माझा राग कशावर आहे ते ऐका. ही माणसं जाताना सांगायची. येताना नाही. जाताना घसा ताणून ओरडायला सगळ्यांना यायचं, पण परत आल्यावर मान वर करून "काकू, आलो" म्हणायला जीभ उचलायची नाही. आमच्याच धक्क्याला आले तर ठीक, त्या बघायच्या. पण पंपाजवळच्या धक्क्याशी नवी पार्किंगची जागा झाली आणि अर्धे लोक परस्पर तिकडे उतरून घरी जायला लागले. इकडे बटण कट्ट्यावर. मी ड्यूटीवरून यावं तर खोलीत दिवा नाही, कारण आत दिवा असला की बाहेरचं दिसत नाही. त्या खुर्चीत बसलेल्या. ताट झाकलेलं. मी पंपावर फोन करून विचारायची, तर तिथला पोरगा सांगायचा, "वकीलसाहेब? ते केव्हाच गेले." मग बटण डब्यात, आणि मग जेवण. वकिलाला मी एकदा बसमध्येच गाठलं आणि सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, "अहो, एवढं काय, काकू उगीच मनाला लावून घेतात." बसमधून उतरवणार होते त्याला. तिकीट काढलेलं होतं म्हणून वाचला.

मग ती संध्याकाळ आली. वारा सुटला होता, पाणी पांढरं झालं होतं. कवळी पाचला येतो म्हणून गेलेला, बरोबर दोन मित्र. दिवस मावळायला आला. फोन लागेना. पंपाच्या धक्क्यावर बोट दिसत नव्हती. घरी फोन केला तर कोणी उचलेना. गाडी खाली आमच्या दारात उभी. सासूबाईंनी लंबूला फोन केला आणि लंबू निघाला.

कवळी हॉटेलात होता. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलाने नवीन जेटी बांधली होती, तिथे बोट बांधून, मित्रांना घेऊन, बायकोलाही तिथेच बोलावून घेऊन तो आरामात जेवत होता. फोन गाडीत राहिला होता. लंबू त्याला शोधत त्या उसळत्या पाण्यात फिरला, आणि परतताना त्याचा हात बचाव बोट आणि धक्क्याची भिंत यांच्यामध्ये सापडला. मनगट मोडलं. ते नीट जुळलंच नाही, आजही वाकडं आहे.

या बोटवाल्यांचा एक क्लब होता, त्याने सभा बोलावली. कवळीची खरडपट्टी काढायला असेल असं मला वाटलं. म्हणून मी पण गेले, म्हटलं बघू तरी. तर तिथे सेक्रेटरी उठला. हा इमारतींचे नकाशे काढतो आणि तसाच बोलतो, एकेक रेघ मारत. म्हणाला, झाला प्रकार क्लबाच्या नावाला शोभणारा नाही. बचाव बोट विनाकारण बाहेर काढली गेली. यापुढे सगळी नोंद फोनवरच्या ग्रुपमध्ये होईल, पद्धतशीर. काकूंच्या भावनेचा आदर आहे, पण हा काही भावनेचा विषय नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "काकूंनी आपलं शिवणकाम बघावं." आणि सगळे हसले. कवळीसुद्धा हसला. अगदी थोडं, पण हसला.

सासूबाई उभ्या राहिल्या. त्या सभेत बोलणाऱ्या नव्हेत, त्यांचा पदर हातात गोळा झाला होता. "बोट मी मागवली, हो. ती रिकामी आली याचंच तुम्हाला वाईट वाटतंय का? भरून आली असती तर बरं झालं असतं?" मग त्या कवळीकडे वळल्या. "आणि डॉक्टर, जाताना एवढं ओरडता. मी आलो, एवढे दोन शब्द बोलायला कितीसा दम लागला असता हो तुम्हाला?"

कवळीने मान खाली घातली. सेक्रेटरी म्हणाला, "पुढचा विषय." पुढचा विषय धक्क्यावरच्या रंगीत दिव्यांचा होता.

घरी आल्या, चपला काढल्या, आणि मला म्हणाल्या, "धर." आम्ही दोघींनी ते लोखंडी मशीन खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलं. खिडकीकडे पाठ. बटणांचा डबा कपाटावर. माझा नवरा उठून बघतो तर खोली उलटी. "आई, डोळे फुटतील तिथे. उजेड कुठाय?" "बल्ब आहे ना," त्या म्हणाल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या बल्बखाली काळ्या पँटीला काळा दोरा भरत बसल्या. डोळ्यांतून पाणी यायचं. मी दोनदा म्हटलं, मशीन फिरवू या. मला म्हणाल्या, "तुझी बस तू फिरव."

त्या काळात त्यांनी बोटींसाठी एकच काम केलं. लंबूच्या कामावरच्या जाकिटाची बाही वाकड्या मनगटावरून जाईना, म्हणून ती उसवून रुंद केली आणि तिला मोठ्या बटणांची पट्टी लावली, एका हाताने लावता येतील अशी. तो घ्यायला आला तेव्हा त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने बाहीत हात घातला, बटणं लावून बघितली आणि म्हणाला, "काकू, तुम्ही त्या दिवशी बरोबर होतात." त्या मशीन चालवायला लागल्या. लंबू बोलला तेवढं मशीन जोरात चाललं.

इकडे ग्रुप जोरात. मीही त्यात होते, क्लबाच्या कॅंटीनवाल्या बाईने मला घातलं होतं. सकाळी "निघालो", त्याला अंगठे. दुपारी फोटो, त्याला टाळ्या. संध्याकाळी कोणाला आठवलं तर "पोचलो", नाही आठवलं तर नाही. कोण आलं नाही हे बघायचं काम कोणाचं, ते त्या पद्धतशीर पद्धतीत कुठेच नव्हतं. इतके जण बघत होते की कोणीच बघत नव्हतं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो सुट्टीचा होता. कवळीचे सासरे आले होते पाहुणे, ऐंशीच्या घरातले. त्यांना बोटीतून फिरवायला म्हणून हा दुपारी घेऊन गेला. दुपारनंतर वारा फिरला. चार वाजता बऱ्याचशा बोटी परत आल्या. मी खिडकीशी बसून कपडे घड्या करत होते, सासूबाई भिंतीशी कुठल्याशा पडद्याला चुण्या घालत होत्या. ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं, सगळे सुखरूप परत, छान दिवस. कोणी विचारलं, डॉक्टर? दुसऱ्याने उत्तर दिलं, आत्ताच पाहिली त्यांची बोट, पंपाच्या धक्क्याला. मग अंगठे, अंगठे, अंगठे.

मशीन थांबलं. "कवळी आला नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आला. ग्रुपवर आलंय."

"ग्रुपला कान आहेत का? त्याच्या इंजिनाला खोकला आहे. गेला तेव्हा ऐकला. परत आला असता तर ऐकला असता, पंपाकडे जायचं तरी इथूनच जावं लागतं. लांबून जाणारी बोट डोळ्यांना ओळखू यायची नाही, कानांना येते आता."

"आई, तुम्ही तर बघायचं सोडलं होतंत ना?"

"बघायचं सोडलं. कान काय शिवून घेऊ?" आणि त्यांनी मशीनचा खण ओढला. आत बटणांचा ढीग. डबा कपाटावर धूळ खात होता आणि बटणं खणात. इतके महिने, पाठ करून बसल्या होत्या त्या सगळ्या काळात, रोज, गेलेल्या एकेका बोटीचं बटण मशीनवर आणि आलेल्याचं खणात. मशीनवर, दोऱ्याच्या रिळामागे, एकच बटण उरलेलं होतं. कड उडालेलं पांढरं.

मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा, कवळीचा, त्या अंगठ्यांचा. मी आवाज चढवून विचारलं, "त्या लोकांनी हाकलून दिलं तुम्हाला, आणि तुम्ही अजून त्यांची राखण करताय?"

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "स्कूटर काढ."

पंपाच्या धक्क्यावर खरंच पांढरी बोट होती, निळ्या पट्ट्याची. माझा जीव भांड्यात पडला. मी वळणारच होते, पण सीटकडे नजर गेली. लाल सीट. कवळीच्या बोटीत सासूबाईंनी शिवलेली राखाडी कव्हरं होती, मी स्वतः त्यांना गोट कापून दिला होता. तीच बोट असल्यासारखी दुसऱ्या कोणाची बोट, आणि लांबून बघून एकाने लिहिलं, बाकीच्यांनी मान डोलावली.

तशीच कवळीच्या घरी गेले. त्याच्या बायकोने हसतच दार उघडलं. "आले ना ते? ग्रुपवर वाचलं. रस्त्यात अडकले असतील." मी म्हटलं, ती त्यांची बोट नाही. तिचा चेहरा मी विसरणार नाही. बोटीत नवराही होता आणि वडीलही. तिने फोन लावला, बंद. मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि घरी आणलं.

वर आलो तर सासूबाई एकट्याने मशीन ओढायला लागल्या होत्या, मध्येच अडकलं होतं. मी हात लावला, मशीन खिडकीशी गेलं, खिडकी उघडली. पाणी काळसर दिसायला लागलं होतं पण उजेड होता. त्यांनी कपाटावरचा डबा उतरवला, बटण कट्ट्यावर ठेवलं आणि फोन हातात घेतला. आणि मग नुसता धरून बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागच्या खेपेला त्याचं मनगट गेलं," त्या म्हणाल्या. "आज आणखी काही झालं तर? आणि हा आजही कुठे जेवत बसला असेल तर?" मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. कवळीची बायको दाराशी उभी राहून तोंडावर हात ठेवून रडत होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि एकदम रागावल्या, नेहमीसारख्या. "रडू नकोस, सांग. कुठे गेलेत?"

"दीपगृह बघायचं होतं बाबांना. चारपर्यंत येतो म्हणाले होते."

"दोघंच?"

"हो."

"जाकिटं?"

"सीटखालच्या कप्प्यात असतात. प्लॅस्टिकमध्ये. नवीन आहेत, खराब होऊ नयेत म्हणून..." ती बोलता बोलता थांबली.

सासूबाईंनी नंबर लावला. लंबूने उचलला. त्यांनी श्वास न घेता सांगितलं, "पांढरी बोट, निळा पट्टा, राखाडी सीट. दोघं जण, एक म्हातारा. दीपगृहाकडे गेलेत. चारला यायचे होते. जाकिटं अंगात नाहीत असं धर. पंपावर बघितलं, घरी बघितलं, फोन बंद."

"काकू, ग्रुपवर तर आले म्हणतात."

"माझं बटण बाहेर आहे," त्या म्हणाल्या.

"निघालो," लंबू म्हणाला, आणि फोन ठेवला.

कवळीच्या बायकोचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला बचाव केंद्रावर घेऊन गेला. जाताना तिने सासूबाईंचे हात धरले. "कळलं की लगेच कळवते." आम्ही बसलो. ताट झाकलेलं. तिचा फोन आम्ही लावत राहिलो, तो उचलला गेला नाही. लंबूचा लागेना. शेवटी केंद्रावर लावला तर तिथला राखणदार म्हणाला, बोट आली, सगळे हॉस्पिटलात गेलेत, मला जास्त काही माहीत नाही. मी म्हटलं, "चला, सापडले. जेवून घ्या."

"हॉस्पिटलात गेले म्हणजे आले नव्हे," त्या म्हणाल्या. "कोण कसं गेलंय, तुला माहीत आहे का? राहू दे बटण."

मी झोपले. त्या झोपल्या नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा त्या तशाच खुर्चीत, बटण तसंच कट्ट्यावर, ताट तसंच झाकलेलं. मी ग्रुप उघडला. रात्रभर मेसेजांचा पाऊस पडला होता तिथे. देवाची कृपा. सर्व सदस्यांच्या सतर्कतेबद्दल आभार. सेक्रेटरींच्या तत्पर समन्वयाचं कौतुक. हात जोडलेले, फुलं, अंगठे. सतर्कता! मी युनिफॉर्म चढवला, सासूबाईंना काही सांगितलं नाही आणि पहिली फेरी दुसऱ्या कंडक्टरला द्यायला सांगून हॉस्पिटल गाठलं.

कवळी पलंगावर उशीला टेकून चहा पीत होता. भोवती दहा माणसं, सेक्रेटरीही होता. त्याचा आणि बायकोचा, दोन्ही फोन उशाशी चार्ज होत होते. बाहेर बाकावर लंबू त्याच जाकिटात, बाहीची बटणं अजून लावलेली, भिंतीला डोकं टेकून झोपला होता. मी त्याला हलवलं. तो म्हणाला, इंजिन बंद पडून ती दोघं दीपगृहाच्या पलीकडे वाहत गेली होती, बोट अर्धी भरली होती, म्हातारा गारठून बोलायचा थांबला होता. आणखी अंधार झाला असता तर दिसले नसते. "तुम्ही काकूंना नाही कळवलंत?" मी विचारलं. त्याने स्वतःकडे बघितलं. "माझा फोन पाण्यात गेला. मला वाटलं, डॉक्टरांनी सगळ्यात आधी काकूंनाच केला असेल."

मी आत गेले. माझा आवाज मोठा आहे, आधीच सांगितलंय. त्या दिवशी तो कामाला आला. "डॉक्टर," मी म्हटलं, "एक बाई कालपासून खिडकीत बसलीय." सेक्रेटरी म्हणाला, "अहो ताई, इथे पेशंट..." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुमचा समन्वय वाचला मी." मी माझा फोन लावला, स्पीकर चालू केला आणि कवळीच्या हातात दिला.

पहिल्याच घंटीला उचलला.

"काकू," तो म्हणाला. "काकू, मी आलो."

मग सासूबाईंचा आवाज, खिडकीतून यायचा तसाच. "किती जण गेला होतात?"

"दोघं."

"किती जण आलात?"

त्याने पलीकडच्या पलंगाकडे बघितलं. तिथे म्हातारा नाकात नळी घालून झोपला होता, छाती वरखाली होत होती. "दोघं, काकू. दोघंही."

फोनमधून बारीक आवाज आला. बटण डब्यात पडल्याचा. मी तो आवाज इतकी वर्षं ऐकलाय, मला कळला. कवळीला नसेल कळला.

"मग हे कालच सांगायचं होतंत ना," सासूबाई म्हणाल्या. "मी जेवले असते."

आणि त्यांनी फोन ठेवला. कवळी मात्र बराच वेळ तो कानाशी धरून बसला होता.